व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानांचा आकार आणि वाढीचा वेग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी गच्चीवर किंवा खिडकीत व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडून पचवणारे रोप, सांभाळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते फिरून एकाच मुद्द्यावर येतात. पाने रुंद झाली, अरुंद झाली, आडवी पडली किंवा उभी राहिली, तर त्यावरून रोप जोमात आहे की खंगते आहे, हे कसे ओळखायचे? खालील उत्तरे मराठवाड्यातील हवामान, पाणी आणि ऊन डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

पान नुसते पाहून रोप वेगाने वाढणार की संथ, हे सांगता येते का?

एका पानावरून सांगता येत नाही. पानाचा आकार प्रामुख्याने तीन गोष्टी सांगतो: ते पान फुटले तेव्हा रोपाला किती उजेड मिळत होता, कोणता ऋतू चालू होता आणि रोप कोणत्या वाणाचे आहे. वाढीचा वेग या तिन्हींशी निगडित असला तरी तो ठरतो मुख्यतः मातीखालच्या गड्ड्यात किती अन्न साठले आहे आणि नवी पाने किती अंतराने येत आहेत यांवर. म्हणून एकाच उजेडात, एकाच मिश्रणात वाढलेल्या दोन रोपांची पाने शेजारी ठेवून तुलना केली, तर आकारावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. वेगवेगळ्या घरांतील दोन रोपांची छायाचित्रे पाहून मात्र असा अंदाज बांधू नये.

या रोपात पान कोणते आणि सापळा कोणता?

दोन्ही मिळून एकच पान असते. जमिनीलगत जो हिरवा, चपटा, पंखासारखा पसरलेला भाग दिसतो तो देठ होय, आणि त्याच्या टोकाला दोन पाळ्यांचा जो सापळा असतो तेच खरे पाते. इतर झाडांत अन्न तयार करण्याचे काम पाते करते आणि देठ त्याला केवळ धरून ठेवतो. येथे पात्याने शिकारीचे काम पत्करल्यामुळे अन्न तयार करण्याचा बराचसा भार देठावर आला आहे. सापळ्याच्या प्रत्येक पाळीच्या आत साधारणतः तीन बारीक संवेदी केस असतात. त्यांना सुमारे वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला, की पाळ्या सेकंदाच्या काही दशांशांत मिटतात. पुढे या लेखात ‘रुंद पान’ म्हटले आहे तेथे रुंद देठ असाच अर्थ घ्यावा.

रुंद देठाचे रोप खरोखरच वेगाने वाढते का?

उजेड पुरेसा असेल आणि बाकी परिस्थिती सारखी असेल, तर बहुधा होय. सापळा हा रोपासाठी खर्चिक अवयव आहे. देठाच्या तुलनेत त्यात प्रकाशसंश्लेषण कमी आणि श्वसन अधिक होते. सापळा मिटून आतील शिकार धडपडत असताना प्रकाशसंश्लेषण आणखी घटते आणि श्वसन वाढते, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसून आले. म्हणजे शिकारीतून मिळणाऱ्या नत्राची किंमत रोप साखरेत मोजते आणि ती साखर देठातून येते. ज्या वाणाचा देठ मुळातच रुंद व आखूड असतो, त्याच्याकडे त्याच उन्हात अन्न तयार करणारे क्षेत्र जास्त असते, आणि ती शिल्लक गड्ड्यात साठून पुढची पाने लवकर फुटतात.

अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश यांनी 1984 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींसाठी जमाखर्चाचा जो विचार मांडला, तो येथे चपखल लागू पडतो. त्यांच्या मते भरपूर ऊन, भरपूर ओल आणि नत्र-स्फुरदाची टंचाई या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेथेच सापळ्यावरचा खर्च परवडतो. व्हीनस फ्लायट्रॅपचे मूळ ठिकाण, म्हणजे अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांची किनारपट्टीजवळची दलदलीची, वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमीन, नेमके असेच आहे. मराठवाड्यात ऊन फुकट मिळते. ओल आणि आम्लता मात्र आपल्यालाच पुरवावी लागते.

यातील ‘उजेड पुरेसा असेल तर’ ही अट विसरू नये, कारण बहुतेकांची गल्लत तेथेच होते. त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

श्रावणात माझ्या रोपाची पाने एकदम लांब-रुंद झाली. याचा अर्थ ते जोमात आहे का?

बहुधा नाही. उजेड कमी पडला, की रोप देठ लांबवते व रुंदावते आणि सापळ्यावरचा खर्च आवरता घेते. मराठवाड्यात आषाढ-श्रावणात कित्येक दिवस आभाळ भरलेले राहते, रोप खिडकीत असेल तर उजेड आणखीच घटतो, आणि पाहता पाहता पाने हिरवीगार व मोठी दिसू लागतात. पाहणाऱ्याला ही भरभराट वाटते. प्रत्यक्षात रोप कमी उजेडात अन्नाची तजवीज करण्यासाठी क्षेत्र वाढवत असते.

जातिवंत रुंद पान आणि सावलीत पसरलेले पान यांतील फरक हाताने व डोळ्याने कळतो. उन्हात वाढलेला रुंद देठ आखूड, जाड आणि ताठ असतो. बोटाने किंचित दाबला तर तो लवचीकपणे वर येतो, त्याच्या कडा किंचित लहरी असतात आणि टोकाचा सापळा देठाच्या रुंदीला शोभेल एवढा मोठा असतो. सावलीतला देठ पातळ, लांब आणि मऊ असतो. तो स्वतःच्या भाराने कुंडीच्या काठावरून खाली लोंबतो, त्याचा रंग फिकट पोपटी असतो आणि टोकाला सापळा जेमतेम मसुराच्या दाण्याएवढा, आतून हिरवाच, अनेकदा अर्धवट मिटलेला राहतो. ज्या वाणात सापळ्याचा आतील भाग लाल व्हायला हवा, त्यातही तो लाल होत नाही. अशी पाने दिसली, की रोपाला हळूहळू, आठ-दहा दिवसांत, अधिक उजेडाची सवय करून द्यावी. सावलीत वाढलेले रोप एकदम भादव्याच्या उन्हात ठेवले, तर जुनी पाने करपतात. ती करपली तरी रोप सहसा मरत नाही, आणि पुढे येणारी पाने नव्या उजेडाला साजेशीच येतात. एकदा वाढून पूर्ण झालेला देठ मात्र पुन्हा आखूड होत नाही, म्हणून जुन्या पानांकडे पाहून निराश होण्याचे कारण नाही.

वसंतात पाने जमिनीला टेकलेली आणि नंतर उभी, अरुंद का होतात? वाढ मंदावली का?

हा बदल ऋतूचा आहे. थंडी सरल्यावर येणारी पहिली पाने आखूड, रुंद आणि मातीलगत पसरलेली असतात. पुढे दिवस मोठा होत गेला, की बऱ्याच वाणांचे देठ अरुंद व लांब होऊन उभे राहतात आणि सापळे जमिनीपासून वर उचलले जातात. मूळ अधिवासात या काळात भोवतालचे गवत उंच झालेले असते, त्यामुळे उभ्या पानाचा फायदा सहज समजण्यासारखा आहे. पाने उभी होणे म्हणजे वाढ थांबणे असा अर्थ मुळीच होत नाही. उलट अनेक रोपे याच काळात सर्वांत मोठे सापळे धरतात.

आपल्याकडे हे चक्र तितके ठसठशीत दिसत नाही, आणि त्याचे एक कारण दिवसाच्या लांबीत आहे. फ्लायट्रॅपच्या मूळ प्रदेशातील विल्मिंग्टन शहर सुमारे 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि सर्वांत लहान दहा तासांच्या आसपास असतो. परभणी 19 अंशांच्या थोडे वर असल्याने येथे हाच फरक साधारण सव्वातेरा आणि अकरा तास एवढाच राहतो. ऋतू बदलल्याची खूण अशी फिकी पडल्यामुळे एकाच झुबक्यात आडवी आणि उभी पाने एकत्र दिसणे आपल्याकडे नवलाचे नाही. त्यातच काही वाण वर्षभर आडवेच राहतात आणि काही सदैव उभेच वाढतात. तो त्यांचा स्वभाव समजावा.

मग वाढीचा वेग मोजायचा तरी कसा?

पानाची लांबी मोजून हाती काही लागत नाही, कारण ती उजेडाबरोबर बदलते. सोपी पद्धत अशी: झुबक्याच्या मध्यातून नुकत्याच वर आलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोऱ्याचा सैल फास घालावा आणि तारीख लिहून ठेवावी. महिन्याने त्या पानाच्या आतल्या बाजूला किती नवी पाने आली ते मोजावे. प्रत्येक ऋतूत अशी एकदा नोंद केली, तर वर्षअखेरीस रोपाचा खरा वेग समोर येतो. दुसरे माप गड्ड्याचे आहे. माघ-फाल्गुनात कुंडी बदलताना गड्ड्याची जाडी पाहावी आणि नवे कोंब किती सुटले ते मोजावे. पाने कशीही दिसोत, गड्डा वर्षभरात जाड झाला असेल आणि एकाचे दोन-तीन झाले असतील, तर रोप वेगाने वाढते आहे. गड्डा होता तेवढाच असेल किंवा बारीक झाला असेल, तर पानांची हिरवळ फसवी आहे.

दोन वाणांची तुलना करायची असल्यास दोन्ही कुंड्या एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच ताटलीत ठेवलेल्या असाव्यात. काळी प्लास्टिकची कुंडी वैशाखात पांढऱ्या कुंडीपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि तेवढ्या फरकानेही निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

मोठा सापळा असलेले वाण अधिक वेगाने वाढतात का?

सापळ्याचा आकार आणि वेग यांचा सरळ संबंध नाही. ‘बी-52’सारखे वाण मोठ्या सापळ्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यांना पूर्ण आकार गाठायला काही वर्षे लागतात. ‘किंग हेन्री’ हा वाण मोठा सापळा आणि जोमदार वाढ या दोन्हींसाठी संगोपकांच्या पसंतीचा आहे. मोठा सापळा धरणाऱ्या रोपाला तो पोसणारा देठ आणि गड्डाही तेवढाच लागतो, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

पूर्ण लाल किंवा विचित्र आकाराच्या सापळ्यांची रोपे संथ वाढतात, हे खरे आहे का?

संगोपकांचा सर्वसाधारण अनुभव तसाच आहे. ‘अकाई र्यू’सारख्या वाणांत देठासकट सारे पान गडद लाल होते आणि असे वाण हिरव्या वाणांपेक्षा सहसा सावकाश वाढतात. ज्या वाणांत पाळ्या चिकटलेल्या, वाटीसारख्या वळलेल्या किंवा वेड्यावाकड्या असतात, ते तर आणखी संथ असतात. त्यांचे देठही अनेकदा जाड, आखूड आणि ओबडधोबड येतात, म्हणजे अन्न तयार करणारे क्षेत्रच तोकडे पडते. शिवाय असा सापळा नीट मिटत नाही, त्यामुळे शिकारही हाती लागत नाही.

दातांचा आकार हा वेगळा विषय आहे. कडेचे दात आखूड असलेले ‘डेंट’ किंवा करवतीसारखे दात असलेले ‘सॉटूथ’ हे वाण केवळ दातांमुळे संथ वाढत नाहीत. दात कापून पाहिलेल्या एका प्रयोगात (2019) मध्यम आकाराचे किडे पकडताना दातांचा फायदा होतो, पण मोठ्या किड्यांच्या बाबतीत तो फारसा होत नाही, असे आढळले. कुंडीत वाढणाऱ्या रोपाला तर आपणच किडा भरवू शकतो, तेव्हा दातांची काळजी करण्याचे कारण उरत नाही. पहिलेच रोप घेणाऱ्याने मात्र विचित्र वाणांच्या नादी न लागता साधे हिरवे-लाल रोप घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किडे खाऊ घातल्याने किंवा खत दिल्याने पानांचा आकार आणि वेग बदलतो का?

शिकारीचा लाभ ज्या पानाने ती पकडली त्याला फारसा होत नाही, तो पुढे येणाऱ्या पानांना होतो. म्हणून भरवल्यानंतर चार दिवसांत फरक शोधू नये. किडा सापळ्याच्या लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश असावा. मेलेला किडा घातल्यास सापळा मिटल्यावर त्याच्या पाळ्या बाहेरून हलकेच चोळाव्यात, कारण आत धडपड होऊन केसांना पुन्हा पुन्हा स्पर्श झाला तरच पाचक रस पुरेसा स्रवतो. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की रोप हे स्पर्श जणू मोजते: दोन संदेशांवर सापळा मिटतो आणि पाचापेक्षा अधिक झाले की पाचक रसांची सिद्धता सुरू होते. पनीर, चिकन, उकडलेले अंडे यांचे तुकडे घालू नयेत. ते सडतात आणि सापळा काळा पडतो.

मातीत खत मुळीच घालू नये. शेणखत, गांडूळखत किंवा युरियाची चिमूट यांनी मुळे जळतात. सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीवर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाढीव नत्र मिळालेल्या रोपांनी शिकारी नळ्या आखडत्या घेऊन चपटी पाने धरली. नत्र सहज मिळाले, की शिकारीवरचा खर्च रोप कमी करते, असा त्याचा अर्थ आहे.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्याचा पानांवर परिणाम होतो का?

होतो, आणि मराठवाड्यात रोपे मरण्याचे हे फार मोठे कारण आहे. येथील बोअरचे पाणी सहसा जड, क्षारयुक्त असते. त्या पाण्यावर वाढणाऱ्या रोपाचे प्रत्येक नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान येते, देठाची टोके तपकिरी होतात आणि सापळे पूर्ण उघडण्याआधीच काळे पडतात. देठ अरुंद झाले म्हणून कोणी उन्हाळी वाढ समजतो, पण उन्हाळी अरुंद देठ लांब आणि ताठ असतो, तर क्षारांनी खंगलेला देठ अरुंद आणि आखूडही असतो.

पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मीटरने मोजले जाणारे प्रमाण, 50 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 50 भाग) आत असल्यास उत्तम. पावसाचे पाणी साठवायचे असल्यास मृगाच्या पहिल्या एक-दोन पावसांत छप्पर धुऊन निघू द्यावे आणि नंतर पत्र्याच्या पन्हळीखाली ड्रम लावावा. सिमेंटच्या नव्या स्लॅबवरून उतरलेल्या पाण्यात चुना येतो, म्हणून ते मीटरने तपासूनच वापरावे. काळी माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असल्याने तिचा कणही मिश्रणात नको. पीट मॉस (दलदलीतील कुजलेले आम्लधर्मी शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा धुतलेली सिलिका वाळू हे मिश्रण चालते. कोकोपीट वापरायचेच असेल, तर क्षार निघून जाईपर्यंत ते शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे.

वैशाखात नवी पाने येणेच थांबले. रोप मेले का?

घाईने निष्कर्ष काढू नये. पारा 42-43 अंशांवर गेला आणि हवा कोरडी असली, की वाढ अडते व जी पाने येतात ती खुजी येतात. दुपारी बारानंतर 50 टक्क्यांची शेडनेट, पांढरी कुंडी आणि ताटलीत सतत पाणी एवढे सांभाळावे. गड्डा टणक आणि आतून पांढरा असेल, तर पहिल्या पावसानंतर नवी पाने फुटतात.

हिवाळ्यात पाने लहान झाली, तर वाढवण्यासाठी काय करावे?

काहीही करू नये. या रोपाला तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागते आणि त्या काळातील आखूड, मातीला चिकटलेली पाने हे सुदृढ रोपाचेच लक्षण आहे. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात रात्री चांगल्या गार असतात, पण दुपारी ऊन चढते. म्हणून कुंडी घरात न घेता गच्चीवर उघड्यावरच ठेवावी आणि पाणी थोडे कमी करावे. दिवे लावून, भरवून या काळात वाढ ओढून काढणाऱ्यांची रोपे पुढे दोन-तीन वर्षांत दुबळी होत जातात.

नर्सरीतून आणलेल्या रोपाला बारीक बारीक पानांची गर्दी आहे. हा संथ वाण आहे का?

बहुधा नाही. बाजारातील बरीच रोपे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींच्या तुकड्यांपासून वाढवलेली, असतात, आणि प्रयोगशाळेतील संप्रेरकांच्या प्रभावामुळे त्यांना एकाच जागी अनेक कोंब फुटतात. अशा रोपाच्या पानांवरून वाण किंवा वेग ओळखण्याचा प्रयत्न पहिले वर्षभर करूच नये. माघात कोंब वेगळे करून लावले, की प्रत्येकाची पाने रुंदावतात.

फुलाचा दांडा ठेवावा का?

बी नको असेल तर दांडा दोन-तीन इंचांचा झाल्यावर कापावा. दांडा वाढत असताना नवी पाने कमी आणि लहान येतात.

बियांपासून केलेल्या रोपांत वेगवान रोप लवकर निवडता येते का?

रोपाला अगदी पहिल्या खऱ्या पानापासूनच चिमुकला सापळा असतो, पण प्रौढ आकार यायला साधारणतः तीन ते पाच वर्षे लागतात. लहानपणी सर्वांचेच देठ सापळ्याच्या मानाने रुंद दिसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी पानांच्या आकारावरून निवड करणे व्यर्थ आहे. तिसऱ्या वर्षी गड्ड्याच्या जाडीवरून निवड करावी.

पानापासून नवे रोप करताना रुंद देठाचे पान निवडावे का?

रुंदीपेक्षा तळाकडे पाहावे. पान हलकेच खालच्या दिशेने ओढून गड्ड्यापासून सोडवावे, आणि त्याच्या बुडाशी पांढरा, मांसल भाग अखंड आला आहे याची खात्री करावी. नवे कोंब त्याच भागातून फुटतात. तो तुटून मागे राहिला, तर पान कितीही रुंद असले तरी बहुधा कुजते. फाल्गुनाच्या सुमारास, वाढ नुकती सुरू झालेली असताना, असे पान ओल्या स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळावर) आडवे ठेवून पांढरा भाग अर्धवट झाकावा, आणि उजेड भरपूर पण दुपारचे थेट ऊन नसेल अशा जागी ठेवावे. कोंब दिसायला दीड-दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. दरम्यान मूळ पान काळे पडले, तरी बुडाचा भाग पांढरा आहे तोवर ते फेकू नये.